भागिले साडेनऊ

भाऊ, उत्तर साडेनऊ आहे. तुमचं दहा नाही आणि माझं आठही नाही. हे मला दीड वर्षापासून माहीत होतं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं असं म्हणायची सोय आहे, पण ते राहून गेलं नाही, मी ते सांगितलं नाही. फोन होता. यवतमाळहून उमरखेडला दिवसातून कितीतरी एसट्या सुटतात. दोन सणांना मी उमरखेडला येऊनही गेले, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि रिक्षा पुढे घ्यायला सांगितली.

परवा रविवारी तुमचं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग एकेक जण तुमच्याबद्दल बोलायला उभा राहिला. तुम्ही टेलिफोनच्या खांबांवर कसे चढायचे, गल्लीतल्या धम्मपालला परीक्षेला सोडायला भर पावसात सायकलवरून कसे गेलात, भांडण मिटवायला कसे पुढे असायचे. वहिनींनी मलाही खुणावलं. मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, मॅडमना भरून आलं. भरून आलं नव्हतं, भाऊ. मला भीती वाटत होती. दाराशी गयाबाई बसल्या होत्या, फुलसावंगीहून सकाळच्या गाडीने आलेल्या, आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या.

सगळं पहिल्यापासून मांडते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण गणितात पायरी गाळली की मला झोप येत नाही, आणि या गणितात मी एक मोठी पायरी गाळून बसले आहे.

उमरखेडच्या बसस्टँडमागे सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आपल्या संस्थेच्या दोन खोल्या होत्या. कापसाची ती वाईट वर्षं. गावागावांत जीपगाड्या येत होत्या, कॅमेरे येत होते, अभ्यास करणारे येत होते, आणि माणसं जायची तशी जात होती. तेव्हा आपल्या संस्थेने एक फोन सुरू केला. कोणीही करावा, काहीही विचारावं. तुम्ही टेलिफोनमधून निवृत्त होऊन आलेले, कानाला हेडफोन लावून फोन घ्यायचात. मी डिप्लोमा करून आलेली, कॉम्प्युटर सांभाळायची. बोलणाऱ्याला सांगून त्याचं बोलणं रेकॉर्ड व्हायचं, कॉम्प्युटरच्या चिमुकल्या डिस्कवर साठायचं, आणि दर शनिवारी मी ते टेपवर उतरवून डिस्क रिकामी करायची. टेप म्हणजे तळहाताएवढी काळी डबी. तिच्यावर मी तारखा घालायची. तुम्ही त्या डब्यांना 'मॅडमचं लोणचं' म्हणायचात.

पहिल्याच महिन्यात आपलं वाजलं. लोक फोन करायचे आणि गप्प बसायचे. बोंडअळीचं विचारणारे, पावसाचं विचारणारे होतेच, पण काही जण नुसते श्वास घेत बसायचे, आणि तुम्ही मध्येमध्ये "हाव, मी आहो इथं" एवढंच म्हणत ताटकळत राहायचात. तुम्ही आधी फोन ठेवला असं एकदाही झालं नाही. माझा जीव मात्र टेपसाठी वरखाली व्हायचा, कारण माणूस बोलो की न बोलो, यंत्र सेकंदाला आठ किलोबाइट लिहीतच राहतं. मी म्हटलं, ही मोकळी जागा कापून टाकू, निम्मी टेप वाचेल. तुम्ही चिडलात. तुम्ही चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणालात की एखादा माणूस एवढ्या लांबून पैसे घालून गप्प बसतो, ते काय फुकट बसतो काय. मी तोंड वाकडं केलं, पण कापलं नाही. तेवढं एक तुमचं ऐकलं.

आणि मंगळवारी चार वाजता सुनंदाचा फोन यायचा.

गयाबाईंची लेक सुनंदा. निंदणाला, वेचणीला जाणारी, फवारणीच्या दिवसांत पाणी वाहून ड्रमात औषध कालवून देणारी. पहिला फोन तिने हाताची आग होते म्हणून केला होता. तुम्ही डॉक्टरांना विचारून उत्तर दिलंत, हातमोजे घालायला सांगितलं, साबणाने धुवायला सांगितलं. पुढच्या मंगळवारी तिने हात बरा आहे हे सांगायला फोन केला. त्याच्या पुढच्या मंगळवारी कशालाच केला नाही, नुसता केला. मला तुमच्याच बाजूचं ऐकू यायचं. हेडफोनमधलं तुमच्यापाशी राहायचं आणि माझ्या वाट्याला तुमचं हसणं, तुमचं "अन् मंग?" मी माझ्या टेबलाशी तारखा आणि लांबी वहीत उतरवत बसायची. चार मिनिटं दहा सेकंद. सहा मिनिटं. तीन मिनिटं चाळीस. तिचे चौदा फोन झाले, चौदांची लांबी मला आजही तोंडपाठ आहे.

पंधरावा आला नाही. त्या हंगामात ढगाळ, दमट हवा होती, चार दिवस सलग फवारणी चालली होती. तिला उलट्या सुरू झाल्या, गावातून महागाव, महागावहून यवतमाळ, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तुम्हाला हे आठ दिवसांनी कळलं, गयाबाईंकडूनच. त्या जिना चढून वर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माझी पोरगी इथं कोणाशी बोलायची, तो माणूस मला पाहायचा आहे.

घरात तिचा फोटो होता, रेशनकार्डासाठी काढलेला. आवाज कुठेच नव्हता. आवाज आपल्याकडे होता, तिसऱ्या डबीत. त्याच आठवड्यात वीज पडून आपल्या यंत्रातलं आवाज ऐकवणारं कार्ड जळलं, संस्थेने नवं दिलं नाही, आणि महिनाभरात फोनच बंद करायचं ठरलं. आवाज होता पण ऐकता येत नव्हता. यवतमाळच्या एका कॉलेजातले सर म्हणाले की तुम्ही सगळं इकडे पाठवा, आमच्या यंत्रावर ते ऐकता येईल, कॅसेटवरही उतरवून देता येईल. तुम्ही गयाबाईंना सांगितलंत, "माय, कॅसेट देतो तुले. माहा शब्द हाय."

शब्द तुम्ही दिलात आणि पाळायचा होता मला. इथून पुढे गणित सुरू होतं.

टेप सरळ यवतमाळला नेऊन दिली असती तर? नेऊन दिलीही असती, पण ती वाचणारं यंत्र तिथे कोणाकडेच नव्हतं. ते आपल्याच जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं, त्याच्याशिवाय दुसरीकडे चालत नव्हतं, आणि तो कॉम्प्युटर बाहेर न्यायला संस्थेची परवानगी नव्हती. तेवढ्यात उमरखेडपर्यंत ऑप्टिकल फायबर आली होती, आणि तुमच्या जुन्या ओळखीतून आपल्याला एका रविवारपुरती दोन मेगाबिटची लाइन मिळाली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. माणसं टेपचा वेग बाइटमध्ये मोजतात आणि तारेचा वेग बिटमध्ये, का ते देव जाणे. आपली टेप सेकंदाला दोनशे चाळीस किलोबाइटने चालायची, लाइन सेकंदाला दोन हजार अठ्ठेचाळीस किलोबिटची. एकाचं दुसऱ्यात करायचं होतं. आठ बिटांचा एक बाइट. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार केला. दोनशे छप्पन्न. टेपपेक्षा लाइन वेगवान. म्हणजे टेप वाचायची आणि वाचता वाचता सरळ पाठवायची, तीन टेपा सात तासांत पार.

तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलंत. पेन घेतलंत आणि माझ्या आठावर काट मारून दहा लिहिलंत. उत्तर दोनशे पाच. टेपपेक्षा लाइन मंद.

तीस वर्षं तुम्ही तारांवर काढलेली. जुन्या तारेवर प्रत्येक अक्षराच्या आठ बिटांपुढे एक आणि मागे एक असा जादा बिट जायचा, अक्षर सुरू झालं आणि संपलं हे सांगायला. तिथला तुमचा दहा. मी हसले. मी म्हटलं, भाऊ, ते टेलिप्रिंटरच्या जमान्यातलं, ही फायबर आहे, काचेतून उजेड जातो, तिथे तुमचे पुढचे-मागचे नसतात. तुम्ही म्हणालात, "काच असो का तांबं. आठ बोलाचे अन् दोन सांभाळाचे, मॅडम. सांभाळल्याबिगर काही पोचत नाही." मी म्हटलं, पुस्तकात दाखवा. तुमच्याकडे पुस्तक नव्हतं.

आणि हे भांडण नुसतं आकड्यांचं नव्हतं, हे आपल्याला दोघांनाही कळत होतं. ते टेपचं यंत्र एकाच वेगाने चालणारं. वाचलेला माल पुढे उचलला गेला नाही तर ते थांबतं, टेप थोडी मागे घेतं आणि पुन्हा दौडत सुटतं. प्रत्येक वेळी टेप त्याच जागी घासली जाते. पहिल्या दोन टेपा चांगल्या होत्या. तिसरी कोरी असतानाच पत्र्याखालच्या कपाटात दोन उन्हाळे राहिलेली, तिच्यावरचा थर आधीच सुटायला लागलेला. तुमचं म्हणणं होतं की आपल्या लहान डिस्कवर मावेल तेवढा तुकडा आधी वाचू, टेप थांबवू, तो तुकडा निवांत पाठवू, मग पुढचा. एक रविवार पुरणार नाही, दोन लागतील. दुसरा रविवार मी मागून आणतो, म्हणालात. मी म्हटलं, लाइन काय सारखी सारखी कोण देतं? महिनाअखेर खोल्या खाली करायच्या होत्या, ते खरं होतं. पण दुसरं एक खरं होतं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. मला सोमवारी यवतमाळला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. पंधरा दिवस मी ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरत होते. तुम्हाला एकट्याला सोडून जाते हे सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी आठ म्हटलं. पुस्तकातला आठ. मला आठ हवा होता, भाऊ. आठ निघाला की एका रविवारात मी सुटत होते.

त्या रविवारी गयाबाई आठ वाजताच येऊन बसल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, पोरगी जाते आहे तर पोचवायला नको? सोबत भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बांधून आणलेला. तुम्ही त्यांना बाकावर बसवलंत, खालून चहा आणलात.

पहिली टेप सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला यंत्र थांबलं, मागे गेलं, पुन्हा सुटलं. घर्र, खट, घर्र. मग पुन्हा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पडद्याकडे पाहत राहिले. मी ऐकलं होतं, भाऊ. पहिल्या खटला मला कळलं होतं की लाइन दोनशे छप्पन्नने चालत नाही. तरी मी म्हटलं, सुरुवातीला होतं असं, लागेल सुरळीत. पहिली टेप गेली. दुसरी गेली. उशीर झाला होता, पण गेली. तिसरी लावताना तुम्ही माझा हात धरलात. तुम्ही मला कधी हात लावत नव्हतात. म्हणालात, हिला तुकड्यानं घेऊ, बाई. आता तरी. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. अडीच वाजले होते.

साडेचारला ती तुटली. आवाजसुद्धा मोठा आला नाही. यंत्र मोकळं फिरायला लागलं. आपण झाकण उघडलं तर आत सगळी तपकिरी भुकटी. कापसाच्या सरकीची पेंड असते ना, तसली. टेपचा पाऊण भाग गेला होता, सुनंदाचे चौदाच्या चौदा फोन उरलेल्या पाव भागात होते. तुम्ही ती भुकटी बोटावर घेतलीत आणि कितीतरी वेळ बोटाकडे पाहत राहिलात. मला वाटलं तुम्ही मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही उठून बाहेर गेलात. मी दारापर्यंत आले. गयाबाईंनी विचारलं, "आली का माही पोरगी?" तुम्ही त्यांच्यासमोर जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "नाही आली, माय. माह्या हातून टेप तुटली."

'माझ्या हातून' म्हणालात.

मी दारात उभी होते. तोंड उघडायला एक पाऊल पुढे यायचं होतं. गयाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी भाकरीचं फडकं बांधलं, मग सोडलं, मग पुन्हा बांधलं. मी आत गेले, यंत्र बंद केलं आणि वहीत लिहिलं, टेप क्रमांक तीन, अपूर्ण. माझं अक्षर त्या दिवशीसुद्धा छान आलं होतं.

तुटलेली टेप मी नागपूरला पाठवली, पुण्याला पाठवली. थर सुटला, काही होणार नाही, असं दोन्हीकडून उत्तर आलं. यवतमाळच्या सरांकडून त्या दिवसाची नोंद मागून घेतली. लाइन प्रत्यक्षात सेकंदाला दोनशे पंधरा किलोबाइटने चालली होती. भागाकार उलटा केला. साडेनऊ. प्रत्येक तुकड्याला पत्ता लावावा लागतो, पोचल्याची पावती यावी लागते, लाइनीचा थोडा भाग लाइनीलाच लागतो. काच असो का तांबं, सांभाळायला लागतंच. तुम्ही अर्ध्याने चुकला होतात, मी दीडाने. तुमच्या चुकीने फार तर एक रविवार वाया गेला असता.

हे कागदावर लिहून, घडी करून, पाकिटात घालून मी ठेवलं. तुम्हाला द्यायला. तुम्ही खूश झाला असता, मला ठाऊक आहे. म्हणाला असता, पाहा, दहाच्या जवळ कोण हाय? आणि मग आपण दोघंही ज्याच्याबद्दल बोलत नव्हतो त्याबद्दल बोलावं लागलं असतं. म्हणून पाकीट राहिलं. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही वहिनींना घेऊन आलात, आहेर दिलात, जेवलात, आणि त्या रविवारचा शब्द काढला नाहीत. तुमच्या त्या मोठेपणाचा मला राग येत होता. खरं सांगते. एकदा तरी तुम्ही मला रागवायचं होतं. एकदा तरी विचारायचं होतं, तू काहून गप्प बसली म्हणून.

परवा कार्यक्रम संपल्यावर गयाबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी मला विचारलं की भाऊंना शेवटी फार त्रास झाला का. मी म्हटलं, दमा वाढला, बुधवारी नांदेडला नेलं, गुरुवारी गेले. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "मंगळवारी त्यायचा फोन आलता मले. दर मंगळवारीच येये."

पुढचं त्यांनीच सांगितलं. त्या रविवारनंतर दर मंगळवारी चार वाजता तुम्ही त्यांच्या गावातल्या एसटीडीवर फोन करायचात. गयाबाई तिथे येऊन बसायच्या. आणि तुम्ही त्यांना सुनंदाचा एक फोन सांगायचात. आठवेल तसा, तिच्या शब्दांत, थांबून थांबून. चौदा संपले की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीत सुटलेलं काहीतरी आठवायचं, ते भरायचात. गयाबाई म्हणाल्या की तिसऱ्या फेरीपर्यंत तुम्हाला तिचं हसणंसुद्धा जमायला लागलं होतं, पहिल्यांदा तर त्यांनी घाबरून फोन खाली ठेवला होता.

दीड वर्ष, भाऊ. आणि वहिनींनाही माहीत नव्हतं, त्यांना वाटे तुम्ही चारला चहा प्यायला चौकात जाता.

मी रविवारची एसटी चुकवली. बसस्टँडवर बसून राहिले. मागे आपल्या खोल्या दिसत होत्या, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. मी इतके दिवस समजत होते की सुनंदाचा आवाज त्या साडेचारला गेला. तो गेला नव्हता. तो तुमच्याकडे होता. तुम्ही तो दर आठवड्याला थोडा थोडा, तुकड्या तुकड्याने, त्या बाईकडे पोचवत होतात, जसं मला करायला सांगत होतात तसं. मी एकदा तुमच्या गल्लीत शिरले असते तरी मला कळलं असतं. मी शेजारी वही घेऊन बसले असते. मला लिहिता येतं, भाऊ, मला दुसरं काय येतं? पण मी गल्लीच्या तोंडावरून रिक्षा पुढे न्यायला सांगितली.

आज मंगळवार. चार वाजता मी ऑफिसातून फुलसावंगीच्या एसटीडीवर फोन लावला. दुकानदाराला म्हटलं, गयाबाईंना बोलावता का. तो म्हणाला, बोलवायचं काय, त्या बसूनच आहेत.

मी उशीर केला नाही. नाव सांगितलं आणि म्हटलं, ती टेप भाऊंच्या हातून तुटली नव्हती. माझ्या हातून तुटली. भाऊ नको म्हणत होते, त्यांनी माझा हात धरला होता, मी ऐकलं नाही. त्यांनी तुम्हाला खोटं सांगितलं आणि मी दारात उभी राहून ते सांगू दिलं. एवढं बोलून मी थांबले. पलीकडून काही आलं नाही. श्वास येत होता. तुम्ही शिकवलेलं मला तेवढं आठवलं, मी फोन ठेवला नाही. म्हटलं, मी आहे इथं.

कितीतरी वेळाने त्या म्हणाल्या, "ते असू दे. झालं ते झालं." त्यांचा आवाज घाईचा होता. जणू मी मधलंच काहीतरी काढून बसले आहे आणि त्यांना पुढचं हवं आहे. मग म्हणाल्या, "मागच्या मंगळवारी भाऊले एक नवीनच आठवलं, आधी कधी सांगलं नव्हतं, अन् मधातच दम लागला. सुनंदाले वावरात तितराची अंडी सापडली व्हती, सात. संगच्या बाया म्हणत व्हत्या घरी नेऊ. तिथवरच सांगलं त्यायनं. बाकीचं पुढच्या मंगळवारी सांगतो म्हणले. तू तं तिथंच बसत व्हती ना, माय? मंग काय केलं तिनं?"

मी तिथेच बसत होते. सहा मिनिटं दोन सेकंद, अकरावा फोन. तो मंगळवार मला आठवतो. तुम्ही खुर्चीत मागे रेलून हसत होतात, "सात अंडी? अन् मंग? अन् मंग?" करत होतात, आणि मी शनिवारची बेरीज करत होते. माझा आकडा चुकला म्हणून मी तोंडावर बोट ठेवून तुम्हाला हळू बोलायची खूण केली. तुम्ही हात तोंडावर धरून बोलायला लागलात. पुढचं मला तुमच्याही बाजूचं ऐकू आलं नाही.

गयाबाई वाट बघत होत्या. मी म्हटलं, हो, मला आठवतंय, पण मोठं आहे, पुढच्या मंगळवारी सांगते.

त्या बरं म्हणाल्या. खूश झाल्या, भाऊ. मला ऐकू आलं ते.

आता माझ्याजवळ एक आठवडा आहे. सात अंडी होती. वावर कोणाचं होतं ते माहीत नाही, बायका कोण होत्या ते माहीत नाही. मी काही रचून सांगितलं तर त्या माउलीला लगेच कळेल, तिची पोरगी आहे ती. सगळ्या जगात हे माहीत असलेला एकच माणूस होता, आणि त्याला मी हळू बोलायला लावलं होतं. भाऊ, त्या अंड्यांचं काय केलं तिनं?